कुठला घ्यावा, आणि किती

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर मराठी वाचकाला साने गुरुजींमुळे ठाऊक असते. शेअर बाजारात वावरणाऱ्यांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. डिसेंबर 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तूप करणारी कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. गावातल्या बऱ्याच मंडळींनी तिचे शेअर घेतले. 1966 साली प्रेमजी अचानक गेले. तेव्हा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून परत आला आणि पुढे याच तुपा-साबणाच्या कंपनीची विप्रो झाली.

अमळनेरमध्ये आजही अशी घरे आहेत जिथे विप्रोचा शेअर देवघरातल्या टाकांसारखा पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. त्यातून काय झाले याचा हिशेब कागदावर मांडता येतो. 1997 च्या बोनसआधी एखाद्याकडे 100 शेअर होते असे धरू. त्या वर्षी एकास दोन बोनस मिळाला, म्हणजे 300 झाले. 1999 मध्ये दहा रुपयांचा शेअर दोन रुपयांचा झाला, म्हणजे 1,500. त्यानंतर 2004, 2005, 2010, 2017, 2019 आणि 2024 असे बोनस येत गेले. एकही शेअर नव्याने विकत न घेता आणि एकही न विकता ते 100 शेअर आज 80,000 झालेले असतात. भाव अडीचशे रुपये धरला तरी दोन कोटी रुपये.

ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत निघाली की ऐकणाऱ्याच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो: "आता असा पुढचा शेअर कुठला?"

पण त्याच विप्रोची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये संगणक कंपन्यांच्या शेअरचे वेड टिपेला पोचले होते आणि विप्रोचा भाव नऊ हजार रुपयांच्या पुढे गेला होता. त्या दिवसांत नऊ हजाराला एक शेअर घेतलेल्या माणसाला पुढचे सगळे बोनस मिळाले. त्याच्या एका शेअरचे आज सुमारे 53 झाले असतील. अडीचशेच्या भावाने त्यांची किंमत भरते सव्वातेरा हजार. अधूनमधून आलेला लाभांश आणि 2013 च्या विभाजनातला वाटा बाजूला ठेवला, तर पंचवीस वर्षांत नऊ हजारांचे सव्वातेरा हजार झाले. बचत खात्यानेही याहून अधिक दिले असते. कंपनी तीच, मालक तोच, धरून ठेवण्याची चिकाटीही तीच. फरक पडला तो किती भावाला घेतला यामुळे.

वैयक्तिक गुंतवणूकदारांचे प्रश्न ऐकत बसले तर त्यांतले बहुतेक 'कुठला' या शब्दाने सुरू होतात. कुठला शेअर, कुठला फंड, कुठले ॲप, कुठला सल्लागार. 'किती'ने सुरू होणारे प्रश्न फार थोडे. किती भावाला, एकूण पैशांपैकी किती, किती वर्षांसाठी, किती पडझड सोसेल, त्यावर खर्च किती. शेवटी हातात काय उरते ते मात्र बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवरच ठरते.

मुळात 'कुठला'चे उत्तर भल्याभल्यांना येत नाही. 1986 च्या जानेवारीत मुंबई शेअर बाजाराने सेन्सेक्स सुरू केला तेव्हा देशातल्या तीस नामवंत कंपन्या निवडून घेतल्या होत्या. त्यांत रिलायन्स, आयटीसी, लार्सन अँड टुब्रो होत्या. पद्मिनी गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, ॲम्बॅसिडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती आणि चंद्रपूर जिल्ह्यातली कागद बनवणारी बल्लारपूर इंडस्ट्रीजही होती. त्या काळी यांपैकी कुठला शेअर 'भरवशाचा' असे विचारले असते तर प्रीमियर किंवा बल्लारपूरचे नाव घेणाऱ्याला कोणी वेड्यात काढले नसते. पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पुढे मारुतीने रस्ता व्यापला, प्रीमियर मागे पडली आणि बल्लारपूर इंडस्ट्रीज 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अमळनेरकरांसारखीच निष्ठा ठेवून हे शेअर सांभाळणाऱ्यांची गोष्ट मात्र कुठल्याच पंगतीत निघत नाही.

मग कंपनीचा अभ्यास करायचा नाही का? करायचाच. वार्षिक अहवालात कर्ज किती वाढले, नफा दिसतो तेवढी रोकड खरोखर हाती येते का, प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकलेत का, ऑडिटर मध्येच सोडून गेला का, हे पाहायला चार्टर्ड अकाउंटंट असावे लागत नाही. एवढे पाहिले तरी निम्मी टिप-बाजी आपोआप गळून पडते. पण अभ्यासालाही मर्यादा असते. सत्यम कॉम्प्युटर्सला 2008 मध्ये चांगल्या कारभारासाठीचा पुरस्कार मिळाला होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. नामांकित ऑडिट कंपनीने सह्या केलेले आकडे खोटे निघाले, तर घरी बसून अहवाल वाचणारा माणूस काय करणार?

तो एकच गोष्ट करू शकतो. एका शेअरमध्ये किती पैसे अडकवायचे ते आधी ठरवू शकतो.

येस बँकेचे उदाहरण त्यासाठी फार बोलके आहे. ऑगस्ट 2018 मध्ये तिचा भाव चारशेच्या घरात होता. रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत पूर्णपणे वाढवून दिली नाही, बुडीत कर्जे बाहेर येऊ लागली आणि शेअर उतरणीला लागला. गंमत अशी, की भाव पडत असताना तिच्या लहान भागधारकांची संख्या वाढत गेली. चारशेचा दोनशेला मिळतोय, दोनशेचा पन्नासला. 'ॲव्हरेज करतोय' असे म्हणत लोक घालत राहिले. 5 मार्च 2020 रोजी सरकारने बँकेवर निर्बंध लादले आणि दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ एकेरी आकड्यात गेला. पुनर्रचनेच्या योजनेत तर शंभराहून अधिक शेअर असलेल्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी कुलूपबंद झाले. विकायचे म्हटले तरी विकता येईनात.

आता दोन माणसे समोर आणू. दोघांकडेही दहा लाख रुपये होते आणि दोघांनीही चारशेच्या भावाने येस बँक घेतली. एकाने वीस हजारांची, दुसऱ्याने आठ लाखांची. शेअर पंचाण्णव टक्के पडला तेव्हा पहिल्याचे एकोणीस हजार गेले, म्हणजे एकूण पुंजीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. दुसऱ्याची पुंजी दोन लाख चाळीस हजारांवर आली. निवड दोघांचीही चुकली होती आणि सारखीच चुकली होती.

म्हणूनच पंधरा-वीस वेगवेगळ्या व्यवसायांतल्या कंपन्या आणि कुठल्याही एकीत फार तर पाच-सात टक्के, हा हिशेब रटाळ वाटला तरी सामान्य माणसाच्या कामाचा आहे. पंधरा कंपन्यांचे तिमाही निकाल वाचायला वेळ नसेल तर शेअरच्या वाटेला न गेलेले बरे. त्यात कमीपणा काही नाही. म्युच्युअल फंड त्यासाठीच असतात.

फंडांकडे वळले की प्रश्नांचा सूर बदलतो, पण 'कुठला' सुटत नाही. पहिला मोह असतो तो नव्या योजनेचा. 'दहा रुपयांचे युनिट आहे, स्वस्तात मिळतेय' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. दहाच्या युनिटमध्ये दहा रुपयांचे शेअर असतात आणि दोनशेच्या युनिटमध्ये दोनशेचे. आतले शेअर दहा टक्क्यांनी वाढले तर दोन्ही युनिटे दहा टक्क्यांनीच वाढणार. स्वस्त-महाग असे इथे काही नसते. 1994 च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंड आला तेव्हा त्याच्या अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. फुकट मिळणारे अर्ज काळ्या बाजारात विकले गेले, जणू सिनेमाची तिकिटेच. पुढची कित्येक वर्षे त्या युनिटला बाजारात दहा रुपयेही येत नव्हते.

नव्या योजनांचे आणखी एक लक्षण आहे. ज्या क्षेत्राची तेजी आधीच होऊन गेलेली असते, त्याच्याच नावाने त्या येतात. 2000 च्या सुरुवातीला टेक्नॉलॉजी फंडांचे पेव फुटले होते आणि 2007 च्या सुमारास इन्फ्रास्ट्रक्चर फंडांचे. फंड कंपनीचा यात दोष म्हणावा तर ग्राहकच तेव्हा ते मागत असतो. गेल्या वर्षी सर्वांत वर आलेला फंड यंदा घ्यायचा, ही सवय त्याच जातीची.

या बाजारात थोडी शिस्त आली ती ऑक्टोबर 2017 मध्ये. त्याआधी एकाच कंपनीच्या चार योजना वेगवेगळ्या नावांनी एकच काम करत. बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने योजनांचे प्रकार ठरवून दिले आणि बहुतेक प्रकारांत प्रत्येक फंड कंपनीला एकच योजना असे बंधन घातले. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, पुढच्या दीडशे मिड कॅप आणि 251 व्या क्रमांकापासून खाली स्मॉल कॅप, अशी सीमा आखली. लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडाला ऐंशी टक्के पैसे पहिल्या शंभरांतच ठेवावे लागतात. नाव वाचून आत काय आहे याचा अंदाज येऊ लागला, ही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने मोठी सोय झाली.

तरीही एका घरात दहा-बारा फंड निघतात. एक बँकेतल्या मॅनेजरने गळ्यात मारलेला, एक मेहुण्याने सुचवलेला, दोन मार्च महिन्यात कर वाचवायला घाईघाईने घेतलेले, बाकीचे ॲपवर तारे पाहून. मालकाला वाटते, आपण पैसे छान विभागले. प्रत्येक फंडाची यादी उघडून पाहिली तर पहिल्या पाचांत पुन्हा एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, इन्फोसिस अशीच नावे आलटून पालटून भेटतात. निफ्टीत तर एकतृतीयांशाहून अधिक वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचेच असते. चार लार्ज कॅप फंड घेणारा माणूस तोच माल चार दुकानांतून घेतो आणि चार ठिकाणी व्यवस्थापनाची फी भरतो.

त्यापेक्षा एक साधा इंडेक्स फंड का नको? हा प्रश्न आता पुण्या-मुंबईबाहेरही विचारला जातो आणि तो योग्यच आहे. लार्ज कॅपमध्ये व्यवस्थापकाने हुशारी करून निर्देशांकाला दीर्घ काळ मागे टाकल्याची उदाहरणे आहेत, पण पाच-दहा वर्षांचा पल्ला घेतला तर निम्म्याहून अधिक फंड मागेच पडलेले दिसतात. लहान कंपन्यांच्या बाबतीत निवडणाऱ्याच्या कौशल्याला जास्त वाव आहे असे मानले जाते. त्यात तथ्य असेलही. पण तिथे पडझडही तशीच मोठी. मुंबई शेअर बाजाराचा स्मॉल कॅप निर्देशांक जानेवारी 2018 मध्ये वीस हजारांवर होता आणि मार्च 2020 मध्ये नऊ हजारांच्याही खाली. मार्च 2024 पासून स्मॉल आणि मिड कॅप फंडांना आणखी एक गोष्ट जाहीर करावी लागते: ग्राहकांनी एकदम पैसे मागितले तर निम्मे शेअर विकायला किती दिवस लागतील. फंड कंपन्यांच्या संकेतस्थळावर हे आकडे असतात. घेण्याआधी ते पाहणारे मात्र विरळा.

खर्चाचे गणित तर कोणी करतच नाही, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. 2009 च्या ऑगस्टपर्यंत फंडात शंभर रुपये टाकले की सव्वादोन रुपये दारातच कापले जात. सेबीने ते बंद केले. 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आले. यात वितरकाचे कमिशन नसते, म्हणून रोजचा खर्च कमी. दरमहा दहा हजारांची एसआयपी वीस वर्षे चालवली आणि परतावा वर्षाला 12 टक्के धरला तर हाती जवळपास एक कोटी येतात. तोच 11 टक्के धरला तर साडेसत्त्याऐंशी लाखांच्या आसपास. एका टक्क्याचा फरक साडेबारा लाखांना पडतो. याचा अर्थ वितरकाला टाळावे असा नाही. पडत्या बाजारात घाबरून फोन करणाऱ्याला 'काही करू नका' एवढे सांगणारा वितरक त्या एका टक्क्याला महाग नाही. फोन न उचलणारा मात्र आहे.

पडत्या बाजाराचे म्हणाल, तर तिथे 'किती वर्षे' हा प्रश्न येतो. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर गेला. त्याच ऑक्टोबरात तो आठ हजारांखाली उतरला होता. जुने शिखर ओलांडून वर टिकायला 2013 ची अखेर उजाडली. 2020 मध्ये याच्या उलट घडले. 23 मार्चला एका दिवसात 3,934 अंश कोसळून सेन्सेक्स सव्वीस हजारांच्या खाली आला आणि त्याच नोव्हेंबरात नव्या उच्चांकावर होता. पहिल्या वेळी शिखरापासून सहा वर्षे लागली, दुसऱ्या वेळी तळापासून आठ महिने. पुढच्या वेळी किती लागतील हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून तीन वर्षांनी मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची असेल तर ते पैसे शेअरच्या फंडात ठेवू नयेत, मग फंड कितीही उत्तम असो. एसआयपी सुरू केली की तोटा होत नाही, हाही असाच एक गैरसमज. एसआयपीने खरेदीचा भाव सरासरीत येतो, बाजार पडण्याचे थांबत नाही.

मग मुदत ठेवीच बऱ्या? मराठी घराचा ओढा तिकडेच असतो आणि जवळच्या गरजांसाठी तो बरोबरही आहे. पण तिथेही 'एका ठिकाणी किती' हा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. निवृत्तीचे सगळे पैसे त्या एकाच बँकेत ठेवलेली मंडळी मुंबईत रस्त्यावर आली. ठेवींवरचे विमा संरक्षण तेव्हा एक लाखाचे होते, फेब्रुवारी 2020 पासून ते पाच लाख झाले. 'सुरक्षित' म्हणून विकल्या जाणाऱ्या डेट फंडांनीही धडा दिला आहे. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या. पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले. हवे होते तेव्हा मात्र मिळाले नाहीत.

एक प्रश्न अलीकडे कॉलेजातली मुलेही विचारतात: ऑप्शन्समध्ये कमाई होते का? त्याचे उत्तर सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकड्यांनिशी दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर होता. दहात नऊहून अधिक लोक हरतात अशा ठिकाणी निवडीची चर्चा करण्यात काही अर्थ उरत नाही.

आयपीओची हौस त्यामानाने जुनी आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये पेटीएमचा शेअर 2,150 रुपयांना विकला गेला आणि बाजारात आल्याच्या पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्के पडला. विकणाऱ्याने आपल्या सोयीची वेळ आणि सोयीचा भाव निवडलेला असतो, हे अर्ज भरताना ध्यानात ठेवलेले बरे.

विकायचे कधी, याबद्दल घेण्याच्या मानाने फार कमी बोलले जाते. ज्या कारणासाठी शेअर घेतला ते कारण संपले, ज्या गरजेसाठी फंड घेतला ती गरज दोन-तीन वर्षांवर आली, किंवा एकच शेअर वाढून पोर्टफोलिओ गिळू लागला, तर विकावे. कर वाचतो म्हणून थांबणे बहुधा महागात पडते. जुलै 2024 पासून वर्षभराहून अधिक ठेवलेल्या शेअरवरच्या नफ्याला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि पुढच्या रकमेवर साडेबारा टक्के आहे. वर्षाच्या आत विकले तर वीस टक्के.

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. घरातल्या एकालाच डिमॅटचा पासवर्ड ठाऊक असतो आणि तो माणूस गेला की बाकीच्यांना कुठे काय आहे याचा पत्ता नसतो. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. ते परत मिळवता येतात, पण वारसाचे कागद गोळा करताना घरच्यांची दमछाक होते. 2019 च्या एप्रिलनंतर कागदी प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री होत नाही. तेव्हा ट्रंकेत अशी प्रमाणपत्रे असतील तर आधी ती डिमॅट करून घ्यावी लागतात. विसरलेले म्युच्युअल फंड शोधण्यासाठी 2025 मध्ये 'मित्र' नावाची सोय सुरू झाली आहे. त्याच वर्षीपासून एका खात्याला दहापर्यंत नॉमिनी लावता येतात. सगळे फंड आणि शेअर एकत्र दाखवणारे एकत्रित विवरणपत्र ई-मेलवर येते. त्याची एक छापील प्रत विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवायला दोन कागदांपलीकडे खर्च येत नाही.